पंच्याहत्तर हजारांचे चित्रगृह

होम थिएटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचं आहे?" आणि दुसरा, "बरोबर किती स्पीकर येतात?" दोन्ही उत्तरे खोक्यावर ठळक आकड्यांत छापलेली असतात. घरी बसून सिनेमा पाहण्याच्या सुखाशी मात्र त्या आकड्यांचा संबंध फार थोडा असतो. मग संबंध कशाचा असतो, हे येथे क्रमाने तपासू.

विवेचनासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. पुण्या-मुंबईकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला हॉल: १५ फूट लांब, ११ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. खाली गुळगुळीत टाइल, एका बाजूला बाल्कनीचे सरकते काचेचे दार. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकवलेला सोफा. हाताशी एकूण ७५,००० रुपये. प्रतिपाद्य एवढेच की, अशा ठिकाणी कोणत्या वस्तू घेतल्या यापेक्षा कोणत्या क्रमाने घेतल्या याला अधिक महत्त्व आहे. कान आणि डोळे जी उणीव आधी पकडतात, तिच्यावर पैसा आधी खर्च व्हावा.

१. साध्य

घरातल्या चित्रगृहाकडून तीन अपेक्षा असतात. संवाद स्पष्ट ऐकू यावेत, चित्राने नजर पुरेशी व्यापावी आणि आवाजाला दिशा व खोली यावी. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. चित्र बंद करून नुसता आवाज ऐकला तरी गोष्ट बरीचशी कळते. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. उलट आवाज बंद करून चित्र पाहिले तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून संवाद पहिले, चित्र दुसरे, आणि डोक्यावरून जाणारे हेलिकॉप्टर शेवटी. बाजार नेमका उलट्या क्रमाने माल विकतो, कारण दुकानात हेलिकॉप्टर ऐकवणे सोपे असते.

संवाद बुडतात याचे एक कारण चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणातच असते. चित्रगृहासाठी मिश्रण करताना मुख्य वाहिनीची प्रमाण पातळी ८५ डेसिबल धरतात आणि शिखरे १०५ डेसिबलपर्यंत जातात. घरी आपण त्याहून पुष्कळ हळू ऐकतो. मग कुजबुज खोलीतल्या पंख्याच्या आवाजात विरते आणि स्फोट आला की रिमोटकडे हात जातो. वाढव-कमी कर हा खेळ बहुतेक घरांत चालतो, आणि तो थांबवणे हेच पहिले काम आहे.

२. खोली

सगळ्यात मोठे यंत्र आपण आधीच विकत घेतलेले असते. ते म्हणजे खोली. स्पीकरमधून निघालेला आवाज एकदा थेट कानावर येतो आणि नंतर भिंती, छत, फरशी यांवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. या मागाहून येणाऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. निनाद लांबला की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते, आणि कितीही महाग स्पीकर असला तरी शब्द पुसट होतात.

हे शास्त्र उभे राहिले तेच मुळी गाद्यांवर. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या सभागृहात व्याख्यान समजत नाही, अशी तक्रार होती. १८९५ मध्ये ते काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या सभागृहात मांडून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला आणि पहाटेपूर्वी परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते.

आपला हॉल साधारण ४.५ × ३.३ × २.९ मीटर, म्हणजे सुमारे ४३ घनमीटर. रिकाम्या हॉलच्या प्लॅस्टर-टाइलच्या पृष्ठभागांचे शोषण जेमतेम २ चौरस मीटर धरले, तर निनाद साडेतीन सेकंदांच्या घरात जातो. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना बोललेले घुमते ते यामुळेच. सोफा, पडदे आणि चार माणसे आली की शोषण १० पर्यंत जाते आणि निनाद ०.७ सेकंदावर येतो. सिनेमासाठी तो ०.४ च्या आसपास हवा, म्हणजे शोषण १७ च्या जवळपास न्यायला हवे. त्यासाठी काचेच्या दारावर चुण्या घालून शिवलेला जाड पडदा, सोफ्यासमोर जाड सतरंजी किंवा गालिचा, सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांचे उघडे कपाट आणि शक्य असल्यास लाकडी चौकटीत ताणलेली एक-दोन गोधड्यांची जाडी, एवढे पुरते. गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोन-तीन इंच पुढे लावली तर अधिक काम करते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांची कीर्ती मोठी असली तरी गुण तसा नाही: ट्रे फार पातळ, आणि थर्माकोलची छिद्रे बंद असल्याने हवा आत शिरतच नाही. खात्री करायची असेल तर टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून तारेसारखी झणझण आली, तर खोलीचे काम अजून बाकी आहे.

खालच्या पट्टीतल्या आवाजाचे गणित वेगळे आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनितरंगाची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे हॉलच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट. असे तरंग समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून ठरावीक वारंवारतांना फुगतात. आपल्या हॉलमध्ये लांबीमुळे ३८, रुंदीमुळे ५२ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झला हे घडते. भिंतीपाशी हे आवाज सर्वांत मोठे, तर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. १५ फुटांच्या नेमक्या मध्यावर बसलेल्या वडिलांना ढोलाचा सर्वांत खालचा ठोका ऐकूच येत नाही आणि कोपऱ्यात लोळणाऱ्या मुलाला तोच कानठळ्या बसवणारा वाटतो. घरातल्या या वादात दोघेही खरे असतात. उपाय फुकट आहे. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढावा आणि बैठक मध्यापासून फूटभर बाजूला सरकवावी.

३. चित्र

पडद्याचा आकार इंचांत विकला जातो, पण डोळा कोन मोजतो. चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या शिफारशींनुसार पडद्याने आडवा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा; चित्रगृहाचा भास हवा असेल तर ४० अंशांपर्यंत जावे. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते. तो ३० अंश व्यापतो साडेसात फुटांवरून. सोफा दीड फूट पुढे ओढल्यावर आपले डोळे पडद्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर येतात. ४३ इंची पडद्यासाठी सहा फुटांच्या आत यावे लागेल आणि ६५ इंचीसाठी पावणेनऊ फुटांपर्यंत मागे जाता येईल. म्हणजे आपल्या हॉलचे उत्तर ५५ इंच.

आता सूक्ष्मतेचा प्रश्न. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्याच सोफ्यावरून, एकमेकांत मिसळू लागतात. त्यामुळे ४के चा फायदा येथे थोडा आणि ८के चा शून्य. ४के आता सर्वत्र मिळतेच, ते घ्यावे. पण जादा पैसे मोजायचे तर ते काळ्या रंगाच्या गडदपणासाठी आणि उजेडाच्या ताकदीसाठी. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला अधिक फरक दाखवण्याचा, शिक्का असणे आणि ते दाखवण्याइतका उजेड पडद्यात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रात्री अंधारात पाहणाऱ्याने व्हीए प्रकारचे पॅनल पाहावे, त्यात काळा अधिक काळा दिसतो. बाजूला बसणारे पाहुणे फार असतील तर आयपीएस, कारण तिरक्या नजरेला त्याचे रंग कमी बिघडतात. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा हात मोकळा झाला आहे.

स्वस्त प्रोजेक्टरचा मोह येथेच आवरावा. प्रोजेक्टर प्रकाश फेकतो, अंधार फेकू शकत नाही. बंद असताना भिंत जेवढी उजळ दिसते, त्याहून गडद काळा चालू असताना मिळणार नाही. १०० इंची चित्राचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. २,००० ल्युमेनचा दिवा त्यावर सव्वासातशे लक्सचा प्रकाश पाडेल, पण ते ल्युमेन खरे असतील तर. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे हजारो ल्युमेन बहुधा प्रमाणित मोजणीचे नसतात. अंधारी खोली करता येत नसेल तर त्याच पैशात टीव्ही बरा.

४. आवाज

आता वॉट. दुकानांत एकेकाळी 'पीएमपीओ' नावाचा आकडा गाजला. क्षणभर, कसल्याही विकृतीसकट निघू शकेल अशी कल्पित शक्ती असा त्याचा अर्थ, आणि तो मोजण्याचे एकच एक प्रमाण कुठेही नव्हते. आजही फसवणूक ओळखण्याची कसोटी शाळेतल्या पदार्थविज्ञानातली आहे: ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. यंत्राच्या पाठीवर वीजवापराचा आकडा छापलेला असतो. तेथे ६० वॉट असेल, तर समोरच्या बाजूला हजार लिहिले म्हणून ते यंत्र सतत हजार वॉटचा आवाज काढणार नाही.

मुळात लागतात किती? स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असेल, तर १ वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. अडीच मीटरवर त्यातले ८ डेसिबल गळतात, दोन स्पीकरमुळे ३ वाढतात, उरतात ८२. संवादाला ७० पुरतात, म्हणजे वॉटच्या सोळाव्या भागात काम होते. ९७ डेसिबलचा, घरात दचकवणारा स्फोट हवा असेल तरी ३२ वॉट पुरे. वॉट दुप्पट केले की मिळतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा 'वाटायला' १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून ५० आणि १०० वॉटच्या ॲम्प्लिफायरमधल्या फरकासाठी पैसे देण्यापेक्षा ते स्पीकरवर खर्च करावेत.

स्पीकर किती, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर चित्रगृहांच्या इतिहासात आहे. १९७५ च्या 'शोले'ने ७० मिलिमीटर पडद्याबरोबर अनेक वाहिन्यांचा आवाज आपल्याकडच्या प्रेक्षकांना ऐकवला. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओ जगभर नेला, १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटलच्या ५.१ वाहिन्या आल्या आणि २०१२ मध्ये 'ब्रेव्ह'बरोबर छतावर स्पीकर असलेला ॲटमॉस. मोठ्या चित्रगृहाची एक अडचण अशी की, डाव्या कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला डावा स्पीकर जवळ असतो, आणि पडद्याच्या मधोमध उभ्या नायकाचे संवाद त्याला डावीकडून ऐकू येतात. म्हणून मधला स्पीकर आवश्यक ठरला. घरी दोन-तीन माणसे समोर बसतात. त्यांना दोन चांगल्या स्पीकरमधूनच संवाद पडद्याच्या मध्यातून आल्यासारखे ऐकू येतात. घरात आठ-दहा जण कडेकडेने बसत असतील तर मधल्या स्पीकरची गरज खरी आहे; एरवी पाच सुमार स्पीकरांपेक्षा दोन चांगले बरे.

बाजारातले पर्याय या कसोटीवर लावू. साउंडबार जागा वाचवतो आणि टीव्हीच्या पाठीमागे तोंड केलेल्या बारक्या स्पीकरांपेक्षा निश्चित बरा. पण त्याचे डावे-उजवे एकमेकांना चिकटलेले असतात, आणि पाच वर्षांनी आतले इलेक्ट्रॉनिक्स गेले की सगळा बार गेला. एकाच खोक्यात पाच स्पीकर देणाऱ्या स्वस्त संचात पैसा अनेक ठिकाणी वाटला जातो, त्यामुळे कुठेच पुरत नाही. शिवाय तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी एक सप्तक खाली जायचे तर स्पीकरच्या शंकूला चौपट हवा हलवावी लागते. तीन इंची स्पीकर ते करू शकत नाही. उरला तिसरा पर्याय: पाच ते साडेसहा इंची वूफर असलेली बुकशेल्फ स्पीकरांची जोडी आणि वेगळा छोटा ॲम्प्लिफायर. ही जोडी वीस वर्षे टिकते, ॲम्प्लिफायर बदलता येतो, आणि पुढे पाच वाहिन्यांचा रिसीव्हर घेतला की हेच दोन स्पीकर पुढे चालतात.

मांडणी फुकट असते आणि बहुधा चुकते. दोन्ही स्पीकर सहा फूट अंतरावर, बारीक आवाजाचा ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड किंचित आत. शोकेसच्या कप्प्यात गणपतीच्या मूर्तीशेजारी कोंबलेला स्पीकर कप्प्याचाच आवाज काढतो. ठेवायचाच असेल तर निदान कप्प्याच्या पुढच्या कडेशी आणावा.

फक्त खालच्या पट्टीचा आवाज काढणारा सबवूफर दुसऱ्या टप्प्यात. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवता येतो. पण वर पाहिलेल्या तरंगांमुळे कुठेही चांगला वाजत नाही. जागा शोधायची जुनी युक्ती अशी: सबवूफर सोफ्यावर स्वतःच्या जागी ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत कुठे ठोका सरळ व आवळ ऐकू येतो ते पाहावे. तीच त्याची जागा. पाहणाऱ्यांना हसू येईल, पण पैसा लागत नाही. मागचे दोन स्पीकर तिसऱ्या टप्प्यात. ते बसवल्यावर रिसीव्हरमध्ये प्रत्येकाचे अंतर मोजपट्टीने मोजून भरावे. ३४ सेंटिमीटरची चूक म्हणजे एक मिलिसेकंदाची चूक.

५. जोडणी

टीव्हीला मध्यवर्ती मानावे: सेट-टॉप बॉक्स, स्टिक, गेमिंग कन्सोल सगळे टीव्हीत, आणि टीव्हीतून एकच केबल ॲम्प्लिफायरकडे. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलेली एआरसी ही सोय टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलट पाठवते आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. घरात वडीलधारी माणसे असतील तर ही मोठी गोष्ट आहे. ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो, त्याला साधे एआरसी पुरते. ईएआरसी लागते ते ब्लू-रेवरच्या, तपशील न गमावता साठवलेल्या आवाजाला. ऑप्टिकल केबलने डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. पण दोन स्पीकरच असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' करावा, म्हणजे टीव्ही स्वतः दोन वाहिन्या करून देतो आणि प्रश्न मिटतो. त्याच यादीत 'नाइट मोड' असतो. तो कुजबुज वर आणि स्फोट खाली आणतो.

स्पीकरच्या तारेवर फार पैसे घालवू नयेत. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पाच मीटर नेली, तर जाण्या-येण्याचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरसमोर तो दोन टक्केही नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती मीटरवर मिळते. धन आणि ऋण टोके मात्र दोन्ही स्पीकरांना सारखीच जोडावीत. एक उलटे झाले की ठोका गायब होतो आणि संवाद हवेत तरंगतात.

६. जुना माल

स्पीकर जुने घेण्यात शहाणपण आहे, कारण त्यांचे तंत्र पन्नास वर्षांत मुळातून बदललेले नाही. तीन गोष्टी तपासाव्यात. शंकूच्या कडेची गोल पट्टी फोमची आहे की रबराची हे पाहावे. आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, रबर टिकते. शंकू चार बोटांनी हलकेच सरळ आत दाबावा; खरखर लागली तर आतली कॉइल घासते आहे. आणि एखादे ओळखीचे भावगीत हळू आवाजात लावून दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकाव्यात. ॲम्प्लिफायर जुना घेताना आवाजाचे बटण फिरवून करकर ऐकावी. टीव्ही आणि एचडीएमआयचे रिसीव्हर यांत मात्र तंत्र झपाट्याने बदलते. ते नवेच घ्यावेत.

७. हिशेब

आता ७५,००० ची वाटणी. भाव बदलत राहतील. प्रमाण लक्षात ठेवावे. टीव्हीला ३८,०००. स्पीकरांच्या जोडीला १४,००० आणि ॲम्प्लिफायरला ८,०००. पडदा, सतरंजी आणि गोधडीच्या चौकटीला ४,०००. तार, स्टँड, किरकोळ २,०००. उरलेले ९,००० लगेच खर्च करू नयेत. तीन महिने याच संचावर सिनेमे पाहावेत, उणीव कशाची वाटते ते कानाला ठरवू द्यावे, आणि मग त्यात थोडी भर घालून सबवूफर घ्यावा. कित्येक घरांत ती उणीव वाटतच नाही.

सबवूफर आला तर शेजारधर्मही आला. खालच्या पट्टीचा आवाज स्लॅबमधून आणि भिंतींतून सहज उतरतो. पडदा किंवा सतरंजी त्याला अडवत नाही. खाली जाड रबरी मॅट टाकावी, सामाईक भिंतीला चिकटवू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची ४५ डेसिबल आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना नियम ठाऊक असो वा नसो, झोप ठाऊक असते.

निष्कर्ष असा: ७५,००० पैकी चित्राला निम्मे, दोन स्पीकर आणि त्यांच्या ॲम्प्लिफायरला तिसऱ्या हिश्शाच्या आत-बाहेर, खोलीला थोडे आणि घाईला काहीच नाही. सोफा दीड फूट पुढे ओढण्याला एक पैसा लागत नाही. खरेदीला निघण्यापूर्वी तेवढे करून पाहावे.